तेलाचा हात

देवळाच्या उतारावर गाडीने अशी किंकाळी फोडली की ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. सासूबाईंना पालखीचा ढोल कानाशी वाजवला तरी ऐकू यायचा नाही. हा आवाज मात्र त्यांना ऐकू गेला. "कुणाचं डुक्कर धरलं गं?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, की डुक्कर नाही, तुमच्या मुलाची गाडी आहे.

गाडी अंगणात आली, आणखी एकदा ओरडली आणि थांबली. आमचे हे उतरले. कुणाकडे न बघता पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा त्यांनी चाकाला हात लावून पाहिला. ब्रेकचे नवे पॅड त्यांनी त्याच सकाळी स्वतःच्या हाताने बसवले होते. मागच्या रजेत हीच गाडी त्यांनी जुन्या पॅडवर वीस दिवस चालवली होती, तेव्हा तिने चकार शब्द काढला नव्हता.

"नवे आहेत. बसायला जरा वेळ लागेल," ते म्हणाले. मी मान डोलावली. मला गाडीतलं काय कळत होतं? पण ह्यांच्या कपाळावर पडलेली आठी मात्र मला कळत होती.

ह्या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं होऊन गेली. आमचं गाव गुहागरच्या पुढे, खाडीकाठी. ह्यांचं नाव जनार्दन, गावात जनूभाऊ. काम मस्कतला, थंड हवेची मशिनं दुरुस्त करायचं. दोन वर्षं तिकडे आणि दोन महिने इकडे, असा आमचा संसार. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि मी एकदा सगळ्या रजा एकत्र करून पाहिल्या तर आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस धड वर्षभराचे भरले नाहीत. मूलबाळ नव्हतं. त्याचं कारण विचारायला वाडीतल्या बायका विहिरीवर मुद्दाम थांबायच्या. मी म्हणायची, टपालाने होत नाहीत गं मुलं, होत असती तर आतापर्यंत अर्धा डझन झाली असती. त्या हसायच्या, मीही हसायची, आणि कळशी भरून घरी आले की तासभर कुणाशी बोलायची नाही.

त्या खेपेला मात्र ह्यांनी पत्रात निराळं लिहिलं होतं. मागच्या रजेत चिपळूणहून एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती, तिच्याबद्दल. "गाडी नीट चालली तर तिच्यावरच पोट भरू. लग्नाची, दवाखान्याची भाडी मिळतील. मग परत जायचं नाही." एवढ्या तीन ओळी. मी ते पत्र इतक्यांदा उघडलं आणि मिटलं की घडीवर फाटलं, मग त्याला मागून कागद चिकटवला. आधीच सांगून ठेवते, मला त्या गाडीचं कौतुक नव्हतं. मला माणूस घरात हवा होता. संध्याकाळी ओटीवर बसून उगाच खोकणारा, आमटीत मीठ कमी आहे म्हणणारा. दुसऱ्यांच्या घरात असतो तसा.

गाडी गेली दोन वर्षं आमच्या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या शेडात, चिऱ्यांवर उभी होती. आमच्याकडे मुंबईला किंवा परदेशी जाणारे लोक गाडी अशीच ठेवून जातात. चार कोपऱ्यांत जांभ्या चिऱ्यांच्या थप्प्या रचायच्या, गाडी त्यावर चढवायची, चाकं काढून माळ्यावर टाकायची, म्हणजे टायर बसत नाहीत. जाताना ह्यांनी मला बजावलं होतं, "खारं वारं लोखंड खातं, कुमुद. उघडं लोखंड दिसेल तिथे तेलाचा हात फिरवत जा." आता हे मला सांगायला नकोच होतं. खाडीकाठच्या बाईला ते आईच्या पोटातून येतं. कोयती, विळी, कुलूप, रहाटाचा कणा, ज्याला त्याला आमच्याकडे खोबरेलाचा हात फिरतो. मी गाडीलाही फिरवला. दर शनिवारी, दोन वर्षं. दाराच्या बिजागऱ्या, नटबोल्ट, आणि चाक काढल्यावर आत जी लोखंडाची गोल चकती दिसते ना, ती. ती तर मी हाताने फिरवून फिरवून पुसायची. ह्यांनी आल्यावर पहिल्या दिवशी ती बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा, गंजाचं नाव नाही." नऊ वर्षांत माझ्या कुठल्या स्वयंपाकाला एवढी शाबासकी मिळाली नव्हती. मी दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होते.

तर नवे पॅड "बसायला" म्हणून ह्यांनी चार दिवस गाडी फिरवली. पॅड काही बसले नाहीत. गाडी येते आहे हे आता सगळ्या वाडीला आधी कळायचं. कोंबड्या कुंपणात शिरायच्या. आमच्या वाडीतले सुर्वे गुरुजी सरळ माणूस, ते एका सकाळी येऊन पडवीत बसले आणि चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात पाटणला होतं, आणि नवरदेवाला न्यायला त्यांनी आमची गाडी सांगितली होती. हेच आमचं पहिलं भाडं. उठताना गुरुजी हळूच म्हणाले, की कुंभार्ली घाट उतरायचा आहे जनू, तोपर्यंत आवाजाचं बघशील ना. ह्यांनी हो म्हटलं. गुरुजी गेल्यावर ते मला म्हणाले, "पहिलंच भाडं असं गेलं, तर दुसरं कोण देणार?" मला नीटच कळलं, की हे भाडं गेलं तर माणूसही जाणार.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिल्यांदा ह्यांना वाटलं, पॅडच्या कडा धारदार आहेत म्हणून वाजतो. दुपारी मांगराच्या सावलीत चाकं काढली, पॅड काढले, कानशीने कडा घासल्या, चकती पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. ऊन उतरेपर्यंत तेच. मग अंगावरची धूळ झटकत आंघोळीला गेले, म्हणाले चाकं सकाळी चढवू. सकाळी चढवली, गाडी काढली. देवळाच्या उतारावर पुन्हा तीच किंकाळी.

दुसऱ्यांदा त्यांना आठवलं, की पॅडच्या मागे एक पातळ पत्री असते, ती आपण जुन्या पॅडबरोबर टाकून दिली. ती पत्री शोधायला आम्ही दोघांनी उकिरडा उपसला. मला कोंबडीच्या पिसांत एक सापडली, दुसरी ह्यांना. काय आनंद झाला आम्हाला, जत्रेत हरवलेलं पोर मिळावं तसा. पत्र्या धुतल्या, घासल्या, पॅडमागे बसवल्या. संध्याकाळ झाली म्हणून चाकं तशीच राहिली. सकाळी चढवली. आवाज तोच, उलट जरा वरच्या पट्टीत.

तिसऱ्यांदा पॅड ज्या खिळ्यांवर सरकतात ते काढून घासले, ग्रीस लावलं. चौथ्यांदा पुन्हा चकती घासली. आणि प्रत्येक वेळी चाकं रात्रभर उघडी आणि सकाळी बोंबाबोंब. सासूबाईंनी तर गाडीची दृष्ट काढली. मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही म्हणाल्या, म्हणजे नक्की कुणाची तरी लागली आहे. ह्यांनी तेही करू दिलं. देवाधर्माच्या बाबतीत ते एरवी फार खडूस, पण त्या दिवशी दृष्ट काढून होईपर्यंत गाडीशेजारी हात बांधून उभे राहिले. ते बघून मला गलबलून आलं. माणसाला इथे राहायचं असल्याशिवाय तो असा उभा राहील का, असं मला वाटलं.

येऊन अकरावा दिवस होता. ह्यांनी सकाळीच पॅड काढून कागदात गुंडाळले आणि एस.टी.ने शृंगारतळीला गेले. पॅड भेसळीचे आहेत, दुकानदाराने फसवलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. संध्याकाळी परत आले ते हातात दुसरे नवे पॅड घेऊन, पण तोंड उतरलेलं. दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं, की पॅड चांगलेच असतात हो, बसवणाऱ्याला बसवता आले पाहिजेत. मस्कतमध्ये ह्यांच्या हाताखाली सहा माणसं होती. तिकडे मोठमोठ्या हॉटेलातली मशिनं हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे. आणि इथे गावात एक ब्रेक गप्प होत नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "इथलं काही खरं नाही, कुमुद." मी म्हटलं, पॅड बदललेत ना, उद्या गप्प बसेल. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. आता मला ते हसू आठवतं तेव्हा त्यात काय होतं ते समजतं, तेव्हा समजलं नाही.

दुसऱ्या पॅडनेही तोच सूर लावला. मग मात्र ह्यांनी हत्यारं पिशवीत घातली आणि पिशवी खुंटीला अडकवली. दिवसदिवस ओटीवर बसायचे. मी म्हटलं ना, मला ओटीवर बसलेला माणूस हवा होता. पण असा नको होता. शेवटी मीच गुरुजींना गाठलं आणि लतीफ मेस्त्रींना निरोप धाडला. लतीफ मेस्त्री म्हणजे त्या बाजूच्या सगळ्या ट्रकांचे डॉक्टर. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी, पानाचा तोबरा कायम. लग्नाला आठ दिवस होते.

मेस्त्री आपल्या स्कूटरवरून सकाळी आले. यायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी, मेस्त्रींचा वेळ नको जायला म्हणून, पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली होती. मेस्त्री म्हणाले, आधी चाकं घाला, मला गाडी ऐकायची आहे. चाकं घातली. ते ह्यांच्या शेजारी बसले आणि गाडी देवळापर्यंत जाऊन आली. आल्यावर मेस्त्रींनी चाक काढायला लावलं, पॅड काढला, उलटासुलटा केला, आणि नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग मला म्हणाले, "वहिनी, चुलीत निखारा आहे?"

मी पळीभर निखारे आणून दिले. मेस्त्रींनी पॅड चिमट्यात धरून निखाऱ्यावर धरला. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्यातून बारीक धूर निघाला, पॅडवर बारीक थेंब उठले, आणि मांगरात तळणाचा वास पसरला. सणाच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात यायचा तोच वास. सासूबाई पडवीतून डोकावल्या आणि कसले वडे करताय म्हणून विचारून गेल्या.

"खोबरेल," मेस्त्री म्हणाले. "पॅडने तेल प्यायलंय. जनूभाऊ, गाडीला तेल कोण लावतं?"

"कोण लावणार?" हे म्हणाले. "घरात आई आणि ही."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मी म्हटलं तर गप्प राहू शकत होते. मेस्त्रींनी दुसरे पॅड घातले असते, मी तेल लावायचं बंद केलं असतं, आणि गाडी सुधारली ती मेस्त्रींच्या हातगुणाने, असं झालं असतं. पण ह्यांनी दुकानदाराकडून चारचौघांत ऐकून घेतलं होतं ते कुणामुळे, हे कळल्यावर मला गप्प राहवेना.

"मी लावते," मी म्हटलं.

"केव्हा?" ह्यांनी विचारलं.

"दिवेलागणीला. चाक काढलेलं दिसलं की पुसून घेते. रात्रभर उघडी राहते म्हणून."

"रोज?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा शनिवारी. तुम्ही आल्यापासून रोज."

मेस्त्रींनी तोंड फिरवलं आणि कुंपणाशी जाऊन पान थुंकून आले. परत येऊन मला समजावलं, अगदी लेकीला समजावतात तसं. ब्रेक म्हणजे घासणं, वहिनी. चकती कोरडी असली तर पॅड तिला धरतो. तेल असलं तर नुसता किंचाळतो आणि सरकतो. मग ह्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, की अशी गाडी घेऊन कुंभार्ली उतरला असतात, तर नवरदेवासकट सगळे दरीत गेले असते. मी तिथेच खाली बसले. माझे हात मांडीवर होते आणि त्यांना खोबरेलाचा वास येत होता. तो तर बारा महिने यायचा, पण त्या दिवशी मला स्वतःचेच हात नकोसे झाले.

ह्यांचा राग मला माहीत होता. एकदा पेटी नीट बांधली नाही म्हणून विमानतळावर जाईपर्यंत माझ्याशी बोलले नव्हते. मी आता काय ऐकावं लागतंय म्हणून मान खाली घालून राहिले. हे मेस्त्रींना म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला. लोखंडाला तेल लाव म्हणून." एवढंच. आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला स्वतः आत गेले.

पुढचं सगळं सरळ झालं. मेस्त्रींनी ते पॅड फेकून दिले. चकत्या पेट्रोलने धुतल्या, घासल्या, पुन्हा धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी नवे पॅड आणून त्याच बैठकीत चाकं चढवली. गाडी देवळाचा उतार उतरली आणि सासूबाईंनी विचारलं, गाडी नेली नाही का गं? त्या दिवशी मी केळीच्या पानावर जेवायला वाढलं, मेस्त्रींनाही बसवलं. ह्यांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले. मला वाटलं, झालं, लागला माणूस घराला.

गुरुजींच्या मुलाचं लग्न लागलं. गाडी कुंभार्ली चढली, उतरली, नवरानवरीला घेऊन दोन दिवसांनी परत आली. नवरी उलट्या न करता घाट उतरली म्हणून गाडीचं नाव झालं. त्याच आठवड्यात दोन जणांनी भाडं विचारलं. एक डिलिव्हरीचं होतं, एक नरसोबाच्या वाडीचं.

आणि मग एका दुपारी हे म्हणाले, चल, तुला धक्क्यावर फिरवून आणतो. नऊ वर्षांत मी ह्यांच्याबरोबर नुसती फिरायला म्हणून कधी गेले नव्हते. मी निळं पातळ नेसले. पुढच्या सीटवर बसले. धक्क्याच्या उतारावर गाडी थांबली तेव्हा भरती होती. पलीकडून दाभोळची लाँच सुटली होती, अजून दूर होती. मासे घेऊन बसलेल्या बायका आमच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलत होत्या आणि मला ते बोलणं आवडत होतं. मी बडबडायला लागले. गाडीच्या मागच्या काचेवर नाव काय लिहायचं. पावसाळ्यात मांगराला पुढून पत्रा घालायला हवा. मला चालवायला शिकवाल का, म्हणजे दुपारचं एखादं भाडं मी मारीन, वाडीतल्या बायका बघतच राहतील. हे ऐकत होते. मध्येच हसत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले,

"कुमुद, मी कंपनीला फोन केलाय."

"नको म्हणून?"

"येतो म्हणून."

लाँचचा आवाज आता ऐकू यायला लागला होता.

"कधी केलात?"

"दुकानदाराशी भांडायला गेलो होतो ना, त्या दिवशी. तिथल्याच बूथवरून. आता तिकीटही आलंय, फिरवता येणार नाही."

त्या दिवशी. म्हणजे अकराव्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही चकत्या पुसल्या होत्या, आणि त्या दिवशी तर जरा जास्तच तेल घेतलं होतं, वारं खूप होतं म्हणून. मला ती वाटी दिसली, त्यातली चिंधी दिसली. जी गाडी मला माणूस देणार होती, तिला मीच रोज संध्याकाळी हाताने बिघडवत होते, आणि ह्यांना त्या बूथपर्यंत मीच ढकलत नेलं होतं. मी रडायला लागले. धक्क्यावर, चारचौघींसमोर, पदर तोंडात धरून. मला लाज वाटली नाही.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "माझ्या तेलामुळे जाताय तुम्ही."

ह्यांना रडणं बघवायचं नाही. त्यांनी रुमाल काढला, मला दिला, परत घेतला, स्वतःच माझे डोळे पुसायला लागले. "नाही गं," ते म्हणाले. "तेलाचं काय घेऊन बसलीस? तुझा काही दोष नाही त्यात. मी तिकडून निघतानाच पुढच्या दोन वर्षांची सही करून आलो होतो. फोन आपला तारीख कळवायला केला. गाडी चालली असती, नसती, जायचं तर होतंच."

"खरं?"

"अगदी खरं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ते मला दोषातून सोडवायला बघत होते, हे मला तेव्हाही कळलं. ह्यांच्यासारखा रागीट माणूस, पण मायेने बोलायला लागला की शब्द खरंखोटं न बघता निघायचे. आणि मी रडायची थांबलेही. पण थांबले ते समाधानाने नाही. लाँच धक्क्याला लागली, माणसं उतरली, एका माणसाच्या टोपलीतून आंबे सांडले आणि मासेवाल्या बायका ते गोळा करायला धावल्या. मी तिकडे बघत बसले आणि मनात ते सगळे दिवस पुन्हा मोजले. कानशीने कडा घासणं. उकिरड्यातल्या त्या दोन पत्र्या. हात बांधून दृष्ट काढून घेणं. दुकानदाराचं बोलणं खालमानेने ऐकणं. हे म्हणतात ते खरं असेल, तर हा सगळा सुट्टीवरच्या माणसाचा वेळ घालवण्याचा उद्योग होता. नवरा आता इथेच राहणार असं धरून त्या घरात राहत होते ती मी एकटीच. आणि तेलाचं खरं असेल, तर मी त्याला माझ्या हाताने घालवलं असेल, पण अकरा दिवस तरी माझा माणूस माझ्याजवळ राहायला म्हणून त्या गाडीखाली धुळीत पडला होता.

पुढे हे तेरा वर्षं तिकडे राहिले. दर दोन वर्षांनी यायचे. त्या सगळ्या रजांत आणि नंतर कायमचे घरी आल्यावरही आम्ही ह्यावर कधी बोललो नाही. जे काही बोललो, ते त्या दुपारी.

"अहो," मी म्हटलं, "ह्या दोन्हींतलं खरं कोणतं? तेल की सही?"

ते पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कोणतं हवंय?"

"पहिलं. तेलाचं."

"त्यात दोष तुझ्याकडे येतो, कुमुद."

"येऊ दे," मी म्हटलं. "माझाच असू दे."